गोलाई राहील, पण गंज?

जुन्या इमारतीची डागडुजी करणे आणि शहराच्या नाभिस्थानाला हात घालणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीला कुशल गवंडी पुरतो. दुसरीला विवेक लागतो. लातूरच्या गंजगोलाईच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला, की हा भेद हमखास दृष्टीआड होतो. म्हणून तो आरंभीच सांगून टाकणे आम्हांस इष्ट वाटते.

गंज म्हणजे बाजारपेठ आणि गोलाई म्हणजे वर्तुळ. या नावातच त्या स्थळाचा सारा इतिहास सामावला आहे. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ लातूरपर्यंत येऊन पोचला आणि बालाघाटाच्या पठारावरील शेतमालाला कुर्डुवाडीमार्गे दूरच्या बाजारांची वाट मोकळी झाली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१७ साली, निजामी अमलात, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार ही दुमजली वर्तुळाकार वास्तू उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती दुकानांचे कडे आणि तेथे येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही रचना आहे. कोठे सोन्याचे दागिने, कोठे पादत्राणे, कोठे मिरची, कोठे गूळ, असे व्यापार रस्त्यारस्त्याने वाटले गेले. मुसलमान नगररचनाकाराने आखलेल्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी देवी आहे, याचे लातूरकराला आज नवल वाटत नाही. आणि ते वाटत नाही, हेच त्या आखणीचे मोठे यश होय.

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचे कौतुक आपण पाठ्यपुस्तकांतून वाचत आलो. त्याचे बांधकाम १९२९ साली सुरू होऊन १९३३ साली पुरे झाले. म्हणजे आपली गोलाई त्याहून वयाने वडील! परंतु घरच्या वडीलधाऱ्यांची जी गत होते तीच तिची झाली. नमस्कार सर्वांचा, विचारपूस कोणाचीच नाही.

गोलाईची आखणी बैलगाडीच्या काळातली. त्यानंतर १९८२ साली लातूर जिल्ह्याचे ठिकाण झाले, २०११ साली महानगरपालिका आली, आणि शिक्षणासाठी येणाऱ्या मुलांनी शहर गजबजून गेले. या साऱ्यांचा भार त्याच वर्तुळावर पडला. दुचाकी उभी करायला जागा नाही म्हणून ग्राहक चिडतो. दुकानाचे तोंड झाकले जाते म्हणून दुकानदार कुरकुरतो. आणि आज उठवतील की उद्या, या धास्तीत हातगाडीवाला दिवस काढतो. यांपैकी कोणाचीच तक्रार खोटी नाही. मात्र तिघांपैकी सुशोभीकरणाच्या चित्रात ज्याला कधीच जागा मिळत नाही, तो तिसरा होय. चित्रात कारंजे असते, दिव्यांचे खांब असतात, बाके असतात. कोथिंबिरीची जुडी घेऊन बसलेली बाई मात्र तेथे नसते. आणि वाचकहो, ती उठावी असे म्हणणारे आपण सुशिक्षितच सायंकाळी तिच्याकडून चार लिंबे घासाघीस करून घेतो, हे विसरून कसे चालेल?

येथे दयेचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली केला. सर्वेक्षण पुरे होऊन विक्रीची प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला हटवू नये, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावेत, असेही सांगतो. इतकेच नव्हे, जेथे पथविक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले, असे बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये, असे तत्त्व त्याच्या अनुसूचीत आहे. शंभरी ओलांडलेल्या गोलाईला ही कसोटी प्रथम लावून पाहावी. आराखडा त्यानंतर काढावा, आधी नव्हे.

शेजारच्या नांदेडने २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा पाहिला. त्या निमित्ताने मोठा निधी आला, रस्ते रुंदावले, शहराचे रूप पालटले. तेथे तारीख ठरलेली होती आणि साऱ्या देशातून यात्रेकरू यायचे होते. घाईला काही कारण तरी होते. लातूरच्या गोलाईपुढे अशी कोणतीच तारीख नाही. म्हणूनच तेथे घाईची सबब चालणार नाही.

मग करावे काय? आमच्या मते पहिले काम मोजणीचे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातुरातच आहे. समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन एक आठवडा गोलाईत उभे राहावे. कोणत्या रस्त्याने किती माणसे येतात, किती वाहने नुसती आरपार जातात, कोण कोठे किती वर्षे बसतो, हे टिपून घ्यावे. विद्यापीठाचे ज्ञान चौकात उतरले, तर चौकही विद्यापीठाला काही शिकवील. केवळ पलीकडे जाण्यासाठी गोलाईत शिरणारी वाहने किती, हे एकदा कळले, की त्यांना बाहेरून वाट देता येईल. भार तेथे हलका होईल, आणि कदाचित माणसे उठविण्याची गरजच उरणार नाही.

दुसरे काम वास्तूच्या जतनाचे. जुन्या भिंतींवरील फलकांचे आणि तारांचे ओझे उतरवा, पावसाचे पाणी मुरते तेथे दुरुस्ती करा, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची सोय करा. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या चौकात कारंज्याआधी नळ हवा, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

गोल भिंती राखणे सोपे आहे. त्या दगडचुन्याच्या आहेत. त्यांच्या आसऱ्याने चालणारी देवघेव एकदा मोडली, तर ती कोणत्याही निविदेने पुन्हा बांधता येत नाही. महानगरपालिकेने आराखड्यावर शिक्का उमटविण्यापूर्वी गोलाईत बसणाऱ्यांची यादी जाहीर करावी. त्या यादीतील प्रत्येकाची जागा नव्या नकाशात दाखविता आली, तर आम्ही त्या कामाचे मनःपूर्वक स्वागत करू. ती दाखविता येत नसेल, तर तो नकाशा अपुरा आहे असे समजून पुन्हा हाती घ्यावा.