एक पेला ताडी म्हणजे किती दारू?

मोहाची दारू, फेणी, कोकम, जांभूळ असे हंगामी आणि स्थानिक काहीतरी घालून केलेली कॉकटेल्स आता मुंबईच्या बारमध्ये मिळू लागली आहेत. केळवे, डहाणूच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्यांनाही ताडीत चिकूचा रस आणि सोडा घालून पाहण्याची हौस येते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू हाताशी असतोच. वर ‘हे नैसर्गिक आहे, याने काय होतंय?’ हे वाक्य ठरलेले.

ताडाच्या तुऱ्याला पाते लावून मडक्यात जमवलेला ताजा रस म्हणजे नीरा. तिच्यात साधारण १२ टक्के साखर असते. म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात जवळपास पाच चमचे. मधुमेह असलेल्यांनी हा हिशेब आधी करावा. मडक्यात, हवेत आणि पात्यावर असलेले यीस्ट व जिवाणू झाडावरच कामाला लागतात. यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतात, तर जिवाणू आंबटपणा आणतात. मडक्याला आतून चुना लावला की हे काम मंदावते. म्हणून नीरेसाठी चुना लावतात आणि मडके पहाटेच उतरवतात. उन्हात राहिले तर संध्याकाळपर्यंत त्याच रसाची चांगली ताडी होते आणि अल्कोहोल चार-पाच टक्क्यांपर्यंत जातो.

आता गणित. पाच टक्के ताडीच्या २५० मिली पेल्यात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. दुकानातल्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्येही साधारण तेवढेच. ‘हलकी’ म्हणून तीन पेले रिचवणाऱ्याने तीन पेग घेतलेले असतात. आपले यकृत तासाला साधारण ७-८ ग्रॅम अल्कोहोल निपटते, म्हणजे या तीन पेल्यांना चार तास लागतात. तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला यंत्रावर उभे राहायचे असेल किंवा बोईसरहून दुचाकीने घरी जायचे असेल, तर हे चार तास मोजावेच लागतात. लिंबूपाण्याने किंवा झोपेने त्यांचा वेग वाढत नाही.

चिकूचा रस, गूळ, सोडा मिसळला की प्रमाण कमी होत नाही, फक्त कडवटपणा झाकला जातो आणि पेला लवकर संपतो. अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले होते. त्यात ताडी आणि विलायतीत भेद नाही.

खरा धोका मात्र मूळ माहीत नसलेल्या बाटलीचा. कारखान्यांत द्रावक म्हणून वापरले जाणारे मिथेनॉल भेसळीत आले, तर चवीने किंवा वासाने ते ओळखता येत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. यकृतात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. त्रास १२ ते २४ तासांनी सुरू होत असल्याने अनेकांना तो नेहमीचा हँगओव्हर वाटतो. दिसणे धूसर झाले, पोटात दुखू लागले, श्वास जोरजोरात चालू लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळाले तर जीव आणि दृष्टी वाचू शकते. उरलेली बाटली सोबत न्यावी, आणि ज्यांनी तीच दारू प्यायली आहे त्यांनाही कळवावे.