मुंबई ४, मुंबई १२, मुंबई २८

गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की मी हल्ली दुकानांच्या कपाळाकडे बघत चालतो. शटरच्या वर, वायरींच्या जाळ्यामागे एखादी जुनी पाटी अजून तग धरून असते. निळ्या एनॅमलच्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, पोपडा उडालेल्या कोपऱ्यात गंज आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत पत्ता, ‘मुंबई ४’. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी गिरगाव म्हणजे मुंबई ४, परळ-लालबाग मुंबई १२, दादर पश्चिम मुंबई २८. पाटीवर साल नसलं तरी तिच्या वयाचा अंदाज असा पत्त्यावरून बांधता येतो.

नावंही कशी! दादर स्टेशनजवळचं १९१० सालचं मामा काणे यांचं ‘स्वच्छ उपहारगृह’, दादरचंच ‘तांबे आरोग्य भुवन’, गिरगावातलं ‘विनय हेल्थ होम’. घराबाहेर खायला माणसं बिचकायची त्या काळात मालकाने गिऱ्हाइकाला नावातूनच शब्द दिलेला असे.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर पंचाहत्तरीचे एक पेंटरकाका भेटले. नाव छापू नका म्हणाले. वडील गिरणीत, काका मात्र कोवळ्या वयातच ब्रशला लागले. खानावळींचे बोर्ड, गणेशोत्सव मंडळांचे कापडी फलक, डॉक्टरांच्या पाट्या, सगळं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे खानावळी ओस पडल्या आणि बोर्डांची कामंही आटली. उरलंसुरलं फ्लेक्सने नेलं.

काचेवरच्या पाटीचं गणित त्यांनी मला समजावून दिलं. रंगवायचं काचेच्या मागून, म्हणून अक्षर उलटं काढायचं. कामाचा क्रमही उलटाच. पत्र्यावर अगदी शेवटी मारतात ती चकाकीची बारीक रेघ आणि अक्षराची कड इथे सगळ्यात आधी. मग अक्षराचा मुख्य रंग, मग सावली, आणि पार्श्वभूमी शेवटी. पहिली रेघ चुकली तर वरून रंग चढवून झाकता येत नाही, कारण पुढून दिसते ती पहिलीच रेघ. सोनेरी अक्षर हवं असेल तर जिलेटिनच्या पाण्याने वर्ख चिकटवायचा, आणि त्या वेळी खोलीतला पंखा बंद. बोलता बोलता त्यांनी टेबलावर बोटाने उलटा ‘ल’ काढून दाखवला, आपण सुलटा काढतो त्याच वेगाने. पाकळ्यांचा ‘ल’, आपला मराठी. लालबागच्या पाटीवर तो दोनदा येतो आणि दोन्ही सारखे यायला हवेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

२००९ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मराठीची रूपं असल्याचा निर्णय काढला. तरी नव्या पाट्यांवर संगणकातून उतरलेला दंडाचा ‘ल’ सर्रास दिसतो. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हा नियम हवाच होता. पण त्यात अक्षराची उंची मोजली जाते, वळण कोणी बघत नाही. गिरगावातल्या एका दुकानदाराने सांगितलं की शेजाऱ्यांनी नवीन बोर्ड केले म्हणून आपणही केला. त्यांची जुनी पाटी मराठीच होती. ती भंगारात गेली.

मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. तिच्यात इमारतींना श्रेणी मिळते, परिसरांना संरक्षण मिळतं. दुकानावरच्या पाटीसाठी वेगळी श्रेणी नाही. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट केले आणि त्या फॉन्टांना पेंटरांचीच नावं दिली. सर जे. जे.मधल्या उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना गिरगाव हाकेच्या अंतरावर आहे. हे काम त्यांनी हाती घ्यावं, आणि पेंटरकाकांच्या पिढीचे हात चालताहेत तोवर घ्यावं.

दुकानमालकांनाही एक विनंती आहे. बोर्ड बदलायचा तर जरूर बदला, पण जुना आत, गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगा. आणि उतरवताना खालचा कोपरा पुसून बघा. बऱ्याचदा तिथे पेंटरचं नाव असतं. ते लिहून ठेवा.