उपस्थाता : चतुष्पादातील विस्मृत पाद

वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केले. प्रत्येक पादाचे चार गुण, एकूण सोळा, हा प्रश्न परीक्षेत हमखास येत असल्याने तेही पाठ होते. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे गुण चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत. पुढे परीक्षा संपली, नोंदणी झाली, दवाखान्यावर पाटी लागली. रुग्णाची नोंद आपण ठेवतो, औषधाची ठेवतो, स्वतःच्या निदानाची तर ठेवतोच. उपस्थात्याची मात्र कोठेही राहात नाही. ही न राहिलेली नोंद आमच्याच रुग्णालयातील आहे आणि तिचा दोषही आमचाच आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

तालुक्याच्या ठिकाणी आमचे पंधरा खाटांचे पंचकर्म रुग्णालय आहे. पहिल्या दिवसापासून आमच्याकडे असलेल्या एक मावशी सतरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त व्हावयाच्या होत्या. उपदानाचा हिशोब हिशोबनिसांनी करून दिला. मुलाकडे शहरात राहावयास जाणार असल्याने, तेथे दोन-चार तासांचे काम मिळाले तर पाहावे म्हणून मावशींनी अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले. आम्ही ते लिहावयास बसलो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत त्या ‘आया’ या पदावर कार्यरत होत्या, हे पहिले वाक्य. त्यांचे काम व वर्तणूक समाधानकारक होती, हे दुसरे. तिसरे वाक्य सुचेना. सतरा वर्षे जी व्यक्ती आमच्या डोळ्यांसमोर वावरली, ती दिवसभर नेमके काय करीत होती हे आम्हांस चार ओळींत मांडता येईना.

आधारासाठी जुने केसपेपर काढले. त्यांत वैद्याची सही आहे, परिचारिकेची आहे, संमतिपत्रावर नातेवाइकांची आहे. मावशींचे नाव पगारपत्रकात आणि गणवेशाच्या वहीत, याखेरीज कोठेही नव्हते.

वाचक वैद्यांना विदितच आहे की शोधनाची शुद्धी ठरविताना वेगांची संख्या पाहावी लागते. वमनात चार, सहा, आठ; विरेचनात दहा, वीस, तीस, असे जघन्य, मध्य आणि प्रवर शुद्धीचे मान आहे. विरेचनात आरंभीचे दोन-तीन मलयुक्त वेग वगळून मोजावयाचे असतात. हे मोजतो कोण? विरेचनाचा योग देऊन आपण बाह्यरुग्ण विभागात जातो. रुग्ण स्वतः मोजील म्हणावे, तर आठ-दहा वेगांनंतर तो थकतो, संकोचतो आणि विचारल्यावर काहीतरी अंदाजे आकडा सांगतो. आमच्याकडे हा आकडा मावशींकडून येत असे. त्यांची पद्धत आम्ही कित्येक वर्षे पाहात होतो, पण लक्ष देऊन कधी पाहिली नव्हती. शौचालयाबाहेरील कोनाड्यात दोन वाट्या असत. रुग्ण आत जाऊन आला की मावशी एका वाटीतील तुरीचा दाणा दुसऱ्या वाटीत टाकीत. एकाच दिवशी तिघांचे विरेचन असेल तर एकाची तूर, दुसऱ्याचा हरभरा आणि तिसऱ्याचे मूग. मलयुक्त वेग वगळण्याचा नियम आम्ही त्यांना एकदाच तोंडी सांगितला होता. तेवढे दाणे त्या वाटीच्या बाहेर, कोनाड्याच्या कडेला मांडून ठेवीत.

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादात आम्ही साठ रुग्णांच्या विरेचनावर निबंध वाचला होता. त्यात वेगांचे कोष्टक होते आणि त्या कोष्टकाची प्रशंसाही झाली. निबंधाच्या अखेरीस आम्ही गुरुजनांचे, सहकारी वैद्यांचे, एवढेच काय, टंकलेखन करून देणाऱ्याचेही आभार मानले होते. ज्या साठ आकड्यांवर तो निबंध उभा होता ते सर्व तुरीच्या आणि हरभऱ्याच्या दाण्यांनी मोजलेले होते, हे आमच्या मनातही आले नाही.

याहून अधिक बोचणारा एक केसपेपर त्याच गठ्ठ्यात सापडला. मध्यम वयाचे एक गृहस्थ विरेचनासाठी दाखल होते. दुपारी मावशी बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी येऊन म्हणाल्या, “डॉक्टर, सात नंबरच्यांचा आवाज उतरलाय.” आमच्यासमोर रुग्णांची रांग होती. वेग चालू आहेत, थकवा येणारच, कोमट पाणी घोटघोट द्या, असे सांगून आम्ही त्यांना परत पाठविले. पंधरा-वीस मिनिटांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी दाराशी थांबल्या नाहीत, थेट आत येऊन म्हणाल्या, “तळहात गार पडलेत, पोटऱ्या वळतायत. तुम्ही आत्ता उठा.” आम्ही उठलो. रक्तदाब बराच खाली गेला होता. सलाइन लावावे लागले, संध्याकाळपर्यंत रुग्ण सावरला आणि चौथ्या दिवशी घरी गेला. केसपेपरवर आमच्या हस्ताक्षरात नोंद आहे : ‘अतियोगाची लक्षणे वेळीच ओळखून उपचार केले.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. त्यात कर्ता मात्र नाही. लक्षणे ओळखली कोणी आणि ती ऐकून न ऐकल्यासारखे केले कोणी, या दोन्ही गोष्टी त्या वाक्याने सोयीस्करपणे झाकल्या आहेत.

चतुष्पादांत वैद्य प्रधान, हे शास्त्रवचन आपल्याला फार प्रिय आहे. कुंभाराविना माती, दंड, चक्र आणि सूत्र व्यर्थ, हा दृष्टांत आपण भाषणांतून वारंवार ऐकतो. त्याच अध्यायात त्याआधी आचाऱ्याला लागणारी भांडी, इंधन व अग्नी यांचा आणि विजेत्याला लागणारी भूमी, सेना व शस्त्रे यांचा दृष्टांत आला आहे, तो मात्र क्वचितच ऐकू येतो.

सूत्रस्थानाचा पंधरावा, उपकल्पनीय अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. वमन-विरेचनापूर्वी कोणती सिद्धता हवी हे सांगताना आचार्यांनी आधी वास्तूचे वर्णन केले आणि लगेच तेथील माणसांचे. ‘कर्मचारी’ असा एकच ढोबळ शब्द वापरून ते मोकळे झाले नाहीत. वरण-भात रांधणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठविणारे, निजविणारे, औषधे वाटणारे, असे एकेकाचे त्याच्या कामानुसार नाव आहे. उठविणारा उत्थापक आणि निजविणारा संवेशक, अशी दोन निराळी नावे आहेत. पक्षाघाताच्या रुग्णाला ज्याने खाटेवरून उठविले आणि पुन्हा निजविले आहे त्याला ही दोन कामे निराळी का, हे सांगावे लागत नाही. उठविताना जोर लागतो. निजविताना मान, खांदा आणि दुर्बळ बाजू एकाच वेळी सांभाळावी लागते. गाणी, कथा आणि इतिहास सांगून रुग्णाचे मन रमविणारी माणसेही त्या यादीत आहेत. आमच्याकडे या सर्वांची मिळून दोनच पदनामे आहेत, मामा आणि मावशी. या संबोधनांत जिव्हाळा आहे हे खरे. परंतु त्यांनी काम झाकले जाते, हेही तितकेच खरे.

सुश्रुताचार्यांनी परिचारकाच्या गुणांत ‘अजुगुप्सु’ हा शब्द घातला आहे. ज्याला किळस वाटत नाही असा. आम्ही मावशींना एकदा सहज विचारले होते, की इतक्या वर्षांत किळस येईनाशी झाली का? त्या म्हणाल्या, “येते की! पण माझ्या तोंडावर दिसली तर पेशंट पुढचं पाणी पीत नाही.” वमनाच्या वेळी रुग्णाचे कपाळ व कुशी धरून, पाठ चोळीत, पात्रात काय पडले ते पाहात उभे राहणाऱ्या व्यक्तीचे हे उत्तर आहे. पित्त दिसू लागले का, हे आम्हांस प्रथम तीच सांगत असे.

औषधनिर्माणशाळांचे चालक बंधूही या पत्रिकेचे वाचक असल्याने औषधपेषकाविषयी दोन शब्द. स्नेहपाक सिद्ध झाला की नाही, हे कल्काची वात बोटांत वळते का, ती अग्नीत टाकल्यावर तडतड होत नाही ना, तेलाला फेस आला का किंवा तुपाचा फेस बसला का, यांवरून ठरते. ही परीक्षा मोठ्या कढईसमोर प्रत्यक्ष कोण करतो? आमच्या परिचयाच्या एका निर्माणशाळेत ती बोटे एका वयस्क कामगाराची आहेत. ते रजेवर असले तर मोठा पाक त्या दिवशी चढवीत नाहीत. बॅचच्या कागदावर सही अर्थातच तांत्रिक अधिकाऱ्याची असते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती तशीच असावयास हवी. पण त्या कामगाराचे ज्ञान कोणत्याही कागदावर नाही. ते निवृत्त होतील त्या दिवशी ते ज्ञानही फाटकाबाहेर जाईल. शेड्यूल ‘टी’मध्ये कामगारांचा गणवेश, स्वच्छतेची साधने आणि वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. निरीक्षक यावयाचे असले की आपण हे सारे पाहतो.

कौतुक करण्याची आपल्याला हौस नाही असे नाही. धन्वंतरी जयंतीला शाल-श्रीफळ होते, १२ मे रोजी परिचारिका दिनाला गुलाबाची फुले दिली जातात. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या, त्यांत आमच्या गल्लीतल्याही होत्या. त्यानंतर आठवडाभराच्या आतच, दवाखान्यात काम करता म्हणून सार्वजनिक नळावर येऊ नका, असे मावशींना त्यांच्याच गल्लीत सांगण्यात आले. त्या पहाटे चारला उठून, कोणी नसताना पाणी भरीत आणि आठाला कामावर हजर होत. हे आम्हांस चार महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कोणाकडून कळले. शाल देऊ नये असे आमचे म्हणणे नाही, आम्हीही दिली. परंतु शाल देताना आपण ज्या व्यक्तीकडे पाहतो, तिच्या पायांकडेही पाहावे. स्वेदनगृहातील ओल्या फरशीवर दिवसभर उभे राहून मावशींच्या पायांना बारमाही चिखल्या असत. रबरी तळाची पादत्राणे आम्ही दहाव्या वर्षी आणली, तीही एक मामा सांडलेल्या तेलावरून घसरून मनगट मोडून घेतल्यावर.

प्रमाणपत्राच्या निमित्ताने आरोग्याच्या नोंदीही तपासल्या. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना काविळीच्या ‘बी’ प्रकाराची आणि धनुर्वाताची लस देणे, वर्षातून एकदा त्यांची तपासणी व प्रशिक्षण करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. मावशींच्या नावापुढे काविळीच्या लशीच्या दोन मात्रांच्या तारखा होत्या. तिसरीचा रकाना कोरा होता. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी कचऱ्याची विभागणी त्या कित्येक वर्षे बिनचूक करीत होत्या, आणि सहाव्या महिन्याची एक सुई आमच्याकडून राहून गेली होती.

मग आम्ही प्रमाणपत्राचा तो कागद बाजूला ठेवला आणि दोन दुपारी मावशींसमोर वही घेऊन बसलो. पहिल्या दुपारी त्या फारशा बोलल्या नाहीत. “काय करणार? झाडलोट, तेल लावणं, पेशंट सांभाळणं,” एवढेच. दुसऱ्या दुपारी आम्ही प्रश्न बदलला. उद्या नवी बाई कामाला येईल, तिला काय काय सांगाल, असे विचारताच दीड तास त्या थांबल्या नाहीत. निरूहासाठी मध आणि सैंधव आधी खलून त्यात तेल थोडे थोडे घालावयाचे, आणि तार सुटेनाशी झाल्याखेरीज कल्क घालावयाचा नाही. काढा कोमट आहे की नाही हे बोटाने नव्हे, मनगटाच्या आतल्या बाजूने पाहावयाचे. बस्तीनंतर रुग्णाला घड्याळ दिसेल असे निजवावयाचे नाही. घड्याळ दिसले की तो घाबरून लवकर उठतो. घड्याळाकडे आपण बघावयाचे, आणि पाऊण तास होत आला की साहेबांना सांगावयाचे. शिरोधारेची धार मध्ये तुटली तर रुग्णाला काही न बोलता कपाळावर हात ठेवावयाचा. संसर्जनाच्या दिवशी स्वयंपाकघरातून आलेली विलेपी चमच्यावर धरून बघावयाची. पेयेसारखी ओघळली तर परत पाठवावयाची. वृद्ध बाईला अभ्यंग करताना आधी तिच्या हाताला तेल लावावयाचे, एकदम पाठीला नाही, म्हणजे तिचा संकोच जातो.

यांतील निम्म्या गोष्टी आम्ही शिकविलेल्या होत्या. उरलेल्या निम्म्या आम्हांस ठाऊक नव्हत्या.

त्या वहीवरून प्रमाणपत्र तयार झाले, दोन पाने. उत्थापन, संवेशन, स्वेदन, बस्तिद्रव्याची सिद्धता, वेगगणना, संसर्जनातील अन्नाची परीक्षा, अशी कामांची नावे घालून त्यापुढे प्रत्येक काम किती वर्षे केले ते लिहिले. सात नंबरच्या खाटेवरील त्या दुपारचा वृत्तांतही कर्त्यासह त्यात आहे. केसपेपरच्या नव्या छपाईत शोधनाच्या पानावर ‘उपस्थाता’ असा एक रकाना वाढविला आहे. पगाराचा आणि साप्ताहिक सुटीचा प्रश्न त्या रकान्याने सुटत नाही, हे आम्हांस कळते. कर्मचारी वीसपेक्षा कमी असल्याने भविष्यनिर्वाह निधी आम्हांस सक्तीचा नाही. तो स्वेच्छेने लागू करून घेण्याचे काम हिशोबनिसांकडे दिले आहे आणि खर्च वाढणार हे धरून चाललो आहोत. रात्रपाळीचा तो रकाना अजूनही अनेकदा कोराच राहतो. कारण, रात्रीच्या मामांना लिहावयाचा संकोच वाटतो. सध्या परिचारिका त्यांचे नाव लिहिते.

निरोपाच्या दिवशी मावशींच्या मुलाने ती दोन पाने त्यांना वाचून दाखविली. त्या शांतपणे ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “द्रोणी घासायची लिहिली नाही. सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच जातो.” ती ओळ आम्ही दुसऱ्या पानाच्या तळाशी हाताने लिहिली आणि त्याखाली रुग्णालयाचा शिक्का मारून दिला.