गाडी येते, चूल जाते. माणसे तिथेच राहतात!

पावसाळ्याचे दिवस होते. कचेरीच्या वाटेवरील फूटपाथवर सात-आठ झोपड्या होत्या. एके सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. बांबू, प्लास्टिक, स्टोव्ह, हंडे, मुलांची दप्तरे, सारे गाडीत गेले. एका बाईचे रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीत होते, पेटीही गेली. आठ दिवसांनी पाहतो तो तीच जागा, तीच माणसे, प्लास्टिक तेवढे नवे. फरक एवढाच, की आता त्या बाईजवळ रेशनकार्ड नव्हते.

मी कारकून माणूस, हिशेब पाहण्याची सवय. गाडीचे डिझेल, कामगारांची हजेरी, पोलिसांचा बंदोबस्त, हा खर्च जनतेच्या पैशातून झाला. जमेच्या बाजूला काय? शून्य! या माणसांचे श्रम शहराला हवेत, माणसे मात्र नकोत. हा कुठला न्याय?

वाचकहो, ही गोष्ट परक्यांची नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्यातलीही किती कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

जुलै १९८१ मध्ये ऐन पावसात मुंबईच्या फूटपाथवरील लोकांना हटवून गावी धाडण्याचा निर्णय मुख्यमंत्री अंतुले यांनी घेतला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि स्वतः फूटपाथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला : घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. पण पावसाळा संपेपर्यंत हटवू नये आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असे बजावले. ओळखपत्राचा एक कागद केवढा मोलाचा, हे यावरून ध्यानात यावे.

त्याच काळात भायखळ्याच्या फूटपाथवरील बाया रडत बसल्या नाहीत. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पार्क' संस्थेच्या साथीने १९८५ मध्ये फूटपाथवरील सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना झाली. पुढे बायांनी 'महिला मिलन' काढले. रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकले. साड्या बांधून घराचा नमुना उभा केला आणि घर केवढे हवे ते स्वतः ठरवले. अनेक वर्षे चिकाटी धरल्यावर मानखुर्दच्या मिलन नगरात पक्की घरे उभी राहिली. लाठी नाही, बुलडोझर नाही, तरी फूटपाथ मोकळा झाला!

मार्ग आहेत. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे बारमाही, चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले. पण निवारा कामाच्या ठिकाणापासून लांब असेल, नवरा-बायको-मुलांना एकत्र राहता येत नसेल, सामानाला कुलूप नसेल, तर कोण जाईल? तिकडे फिनलंड देशाने २००८ पासून 'आधी घर' हे धोरण धरले. व्यसन सोडा, नोकरी मिळवा, मग घर, असे नाही. आधी घराची किल्ली, मग बाकीची मदत. तिथली बेघरांची संख्या त्यानंतर बरीच घटली.

आपण काय करू शकतो? आपल्या वस्तीजवळच्या बेघर कुटुंबांची यादी करावी. त्यांच्या रेशनकार्डाच्या, आधारकार्डाच्या, मुलांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती विहारातील कपाटात जपून ठेवाव्यात. मुलांना संध्याकाळी अभ्यासाला विहारात बसवावे. आणि गाडी आलीच, तर दोन-चार शिकलेल्यांनी पुढे होऊन शांतपणे विचारावे : नोटीस कुठे आहे? यांची पर्यायी जागा कुठे आहे? जप्त सामानाची पावती कुठे आहे?

त्या सकाळी मी हे विचारले नाही. कचेरीला उशीर होत होता. ती पत्र्याची पेटी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.