मॅजिशियन्स नेफ्यू, द

इंग्रजी साहित्यातील एक प्रसिद्ध अद्‌भुतरम्य किशोर-कादंबरी. ‘द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया’ या सात कादंबऱ्यांच्या मालेची ही पूर्वकथा होय. हिचा लेखक क्लाइव्ह स्टेपल्स ल्यूइस (२९ नोव्हेंबर १८९८–२२ नोव्हेंबर १९६३) हा बेलफास्ट येथे जन्मला. ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात त्याने दीर्घकाळ अध्यापन केले व १९५४ मध्ये केंब्रिज विद्यापीठात मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक म्हणून त्याची नियुक्ती झाली. ‘जादूगाराचा भाचा’ असा शीर्षकार्थ असलेली ही पंधरा प्रकरणांची कादंबरी लंडनच्या द बॉडली हेड या प्रकाशनसंस्थेने १९५५ साली प्रसिद्ध केली. मालेतील इतर पुस्तकांप्रमाणेच हिच्यातील चित्रे पॉलीन बेन्स या चित्रकर्तीने काढली आहेत. प्रकाशनक्रमानुसार हे मालेतील सहावे पुस्तक असले, तरी कथाकालाच्या दृष्टीने ते पहिले ठरते.

पूर्वकथेचे स्वरूप : आधी प्रसिद्ध झालेल्या कथेच्या नंतर लिहिलेली, परंतु तिच्या पूर्वीच्या काळात घडणारी कथा म्हणजे पूर्वकथा. अशा कथेपुढे एक मूलभूत अडचण असते. शेवट काय होणार, हे वाचकाला अगोदरच ठाऊक असल्यामुळे ‘पुढे काय झाले’ या कुतूहलावर तिला विसंबता येत नाही. पुष्कळदा ती जुन्या कथेतील रिकाम्या जागा भरण्यापुरतीच उरते. ल्यूइसच्या मालेतील पहिल्या पुस्तकात, म्हणजे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) या कादंबरीत, अशा चार जागा होत्या. निर्जन अरण्यात जळणारा लंडनसारखा रस्त्यावरचा दिवा, मुलांना दुसऱ्या जगात नेणारे कपड्यांचे कपाट, त्या जगावर हिवाळा लादणारी श्वेत चेटकीण आणि मुलांच्या विलक्षण हकिगतीवर निःशंकपणे विश्वास ठेवणारा वृद्ध प्राध्यापक, यांचा उगम तेथे सांगितलेला नाही. प्रस्तुत कादंबरी हे चारही उगम सांगते. मात्र ते केवळ माहिती म्हणून येत नाहीत. चारही गोष्टी एका मुलाच्या एका अपराधाशी व त्याने केलेल्या त्या अपराधाच्या परिमार्जनाशी जोडल्या गेल्या आहेत. या कादंबरीचे खरे वैशिष्ट्य तेच होय.

कथानक : डिगरी कर्क हा मुलगा लंडनमध्ये अँड्र्यू केटर्ली हा मामा आणि लेटी ही मावशी यांच्या घरी राहावयास आलेला असतो. वडील हिंदुस्थानात नोकरीला आहेत व आई मरणपंथाला लागलेली आहे. पावसाळी, थंड उन्हाळ्यात शेजारच्या पॉली प्लमर या मुलीशी त्याची मैत्री होते. घरांच्या ओळीवरून सलग गेलेल्या माळ्यावरून ओसाड घरात शिरण्याचा दोघांचा बेत असतो, पण अंतराचा हिशेब चुकल्याने ती दोघे मामाच्या अभ्यासिकेत जाऊन पोचतात. मामा हा हौशी, भित्रा व स्वार्थी जादूगार आहे. त्याने दुसऱ्या जगातील मातीपासून पिवळ्या व हिरव्या अंगठ्या बनविल्या असून स्वतः धोका न पत्करता तो पॉलीला पिवळ्या अंगठीला हात लावावयास लावतो. ती अदृश्य होते. तिला परत आणण्यासाठी डिगरीला तिच्यामागे जावे लागते.

दोघे एका निःशब्द अरण्यात पोचतात. तेथील प्रत्येक डबके म्हणजे एकेका जगाचे द्वार असते. त्यांतील एका द्वाराने ती चार्न या मृत नगरीत येतात. तेथील एका दालनात राजवंशातील स्त्रीपुरुषांच्या निश्चल आकृती बसलेल्या असून मध्यभागी एक घंटा व हातोडी ठेवलेली आहे. पॉली विरोध करीत असतानाही डिगरी तिचा हात पिरगाळून घंटा वाजवितो आणि राणी जेडिस जागी होते. बहिणीशी चाललेल्या युद्धात पराभव समोर दिसताच तिने एक भयंकर शब्द उच्चारून स्वतःखेरीज त्या जगातील सर्व सजीवांचा संहार केलेला असतो. ती मुलांबरोबर लंडनला येते व रस्त्यावर हलकल्लोळ माजविते. अंगठ्यांच्या साहाय्याने तिला परत नेण्याच्या खटपटीत मुले, मामा, फ्रँक नावाचा गाडीवान व त्याचा स्ट्रॉबेरी हा घोडा हे सर्वच एका काळोख्या, रिकाम्या जगात जाऊन पडतात. तेथे ॲस्लन हा सिंह गातो आणि त्याच्या गाण्यातून तारे, सूर्य, वनस्पती व प्राणी निर्माण होतात. हाच नार्नियाचा जन्म होय.

परंतु ते जग जन्मल्यावर काही तासही लोटले नाहीत, तोच त्यात अनिष्टाचा शिरकाव झालेला असतो, आणि तो डिगरीमुळे. पश्चिमेकडील पर्वतांपलीकडच्या एका बागेतून सफरचंद आणून त्यापासून नार्नियाचे रक्षण करणारा वृक्ष वाढवावा, अशी कामगिरी ॲस्लन त्याच्यावर सोपवितो. पंख लाभलेल्या स्ट्रॉबेरीच्या पाठीवर बसून डिगरी व पॉली ती पार पाडतात. फ्रँक व त्याची पत्नी हेलेन ही नार्नियाची पहिली राजाराणी होतात. नव्या वृक्षाचे फळ ॲस्लनच्या अनुमतीने मिळते व त्याने डिगरीची आई बरी होते. त्या फळाच्या बियांतून लंडनच्या घरामागे उगवलेले झाड पुढे वादळात पडते. मोठेपणी प्राध्यापक झालेला डिगरी त्याच्या लाकडाचे कपाट करवून घेतो आणि येथे पूर्वकथा मूळ कथेला येऊन मिळते.

काळ आणि स्थळ : कथेचा काळ ल्यूइसने आकड्यात दिलेला नाही. शेरलॉक होम्स बेकर स्ट्रीटवर राहत होता आणि एडिथ नेस्बिट हिच्या कथांमधील बॅस्टेबल मुले गुप्तधन शोधीत होती तो काळ, अशी खूण त्याने आरंभीच दिली आहे. काळाची ओळख ऐतिहासिक घटनांऐवजी बालपणी वाचलेल्या पुस्तकांतून करून देण्याची ही रीत कादंबरीच्या वृत्तीला साजेशी आहे. ल्यूइसने तयार केलेल्या व त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या कालपटात या घटना १९०० सालच्या दाखविल्या आहेत. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी मरण पावली, तेव्हा ही कथा व्हिक्टोरिया-युगाच्या अगदी अखेरीस घडते.

हे युग येथे केवळ शोभेची पार्श्वभूमी नाही. नव्या जगाची सामग्रीच त्यातून घेतलेली आहे. जेडिसने लंडनमध्ये उपटलेली दिव्याच्या खांबाची दांडी नार्नियाच्या ताज्या मातीत पडताच तिच्यातून जळता दिवा उगवतो. भाड्याच्या गाडीचा थकलेला घोडा वाचा आणि पंख मिळवितो. खेड्यातून शहरात आलेला कष्टकरी गाडीवान राजा होतो. उलट, सुशिक्षित व प्रतिष्ठित अँड्र्यूमामाला ॲस्लनच्या गाण्यात डरकाळीखेरीज काही ऐकू येत नाही. जुने लोखंड पुरून आगगाडीची इंजिने व युद्धनौका उगवता येतील, या व्यापारी कल्पनेने तो हुरळतो आणि सिंहाला गोळी घालणे ही पहिली गरज मानतो. आपला शोध त्याला कोलंबसाच्या शोधाहून मोठा वाटतो. वसाहतवादी लोभाचे हे चित्रण विनोदी असले, तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. डिगरीचे वडील हिंदुस्थानात असणे हीदेखील त्या काळातील इंग्रज मध्यमवर्गाची नेहमीची परिस्थिती होती. साम्राज्याच्या नोकरीमुळे आईबापांपासून दुरावलेली मुले तत्कालीन इंग्रजी बालसाहित्यात वारंवार भेटतात.

नैतिक आशय : सामान्य नियम आपल्यासारख्या थोरांना लागू नाहीत, असे मामा व जेडिस दोघेही जवळजवळ एकाच शब्दांत सांगतात आणि ते साम्य डिगरीच्या लक्षात येते. तथापि कादंबरी दुष्टतेला या दोघांपुरती मर्यादित ठेवीत नाही. घंटा वाजविणारा डिगरी स्वभावाने चांगला मुलगा आहे. ॲस्लनसमोर तो प्रथम आपण मंत्राने भारलो होतो, अशी सबब सांगतो व एका प्रश्नासरशी ती खोटी असल्याचे कबूल करतो. त्याचे प्रायश्चित्त या कबुलीपासून सुरू होते.

कादंबरीचा उत्कर्षबिंदू बागेतील प्रसंगात आहे. फळ दुसऱ्यासाठी न्यावे, स्वतःसाठी चोरू नये, असा तेथील दंडक असतो. जेडिसने ते आधीच चोरून खाल्लेले आहे. ती डिगरीला घालते तो खरा मोह आईच्या प्राणांचा असतो. हे सफरचंद घेऊन थेट घरी जा, आई वाचेल, असे ती सुचविते. येथे धर्मसंकट खरे आहे, कारण तिचे म्हणणे खोटे नाही. चोरलेल्या फळानेही आई बरी झाली असती, पण त्यातून दोघांनाही सुख लाभले नसते, असे पुढे ॲस्लन स्पष्ट करतो. पॉलीला तेथेच सोडून जाण्याची सूचना जेडिस करते, तेव्हा डिगरीला तिच्या बोलण्यातील क्रौर्य उमगते व तो दिलेला शब्द पाळतो. आईचा जीव वाचेल याची कोणतीही हमी त्या क्षणी त्याच्यापाशी नसते. मूळ कथेचा शेवट माहीत असलेल्या वाचकालाही या पानांवर उत्कंठा वाटते, याचे कारण डिगरीची आई जगेल की नाही, हे मालेतील आधीच्या कोणत्याही पुस्तकात सांगितलेले नाही.

या प्रसंगामागे लेखकाचे स्वतःचे बालपण आहे. ल्यूइसची आई फ्लोरा ऑगस्ट १९०८ मध्ये कर्करोगाने मरण पावली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ती बरी व्हावी म्हणून त्याने केलेली प्रार्थना फळाला आली नाही, हे त्याने ‘सर्प्राइज्ड बाय जॉय’ (१९५५) या आत्मचरित्रात नोंदविले आहे. ते आत्मचरित्र व ही कादंबरी एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. आईविषयी विनवणी करताना डिगरी मान वर करतो, तेव्हा त्याला सिंहाच्या डोळ्यांत अश्रू दिसतात. प्रत्यक्षात न मिळालेले उत्तर लेखकाने येथे कथेतून दिले आहे, असे म्हणता येईल.

चार्नच्या संहाराला समकालीन संदर्भही आहे. मानवाचे जग अद्याप चार्नइतके बिघडलेले नसले, तरी तशाच एखाद्या संहारक रहस्याचा शोध तेथेही लागू शकेल, असा इशारा ॲस्लन मुलांना देतो. हिरोशिमा व नागासाकी (१९४५) यांवरील अणुबाँब हल्ल्यांनंतर दहा वर्षांनी हे पुस्तक वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला नसावा.

रचना व प्रभाव : पहिले पुस्तक पूर्ण झाल्यानंतर लवकरच ल्यूइसने पूर्वकथा लिहावयास घेतली होती. ती न साधल्याने बाजूला पडली व इतर पुस्तके लिहून झाल्यावर १९५४ च्या सुमारास पुरी झाली. बायबलमधील उत्पत्तिकथा, ग्रीक पुराणांतील हेस्परिडीझची सोनेरी सफरचंदे आणि मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ यांचे संस्कार तिच्यावर दिसतात. मिल्टनच्या या महाकाव्यावर ल्यूइसने १९४२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. लंडनमध्ये गोंधळ माजविणाऱ्या राणीची कल्पना नेस्बिटच्या ‘द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’ (१९०६) या कादंबरीतील बॅबिलोनच्या राणीची आठवण करून देते.

वाचनाचा क्रम : हे पुस्तक प्रथम वाचावे की सहावे, हा वाद अनेक वर्षे चालला आहे. कथाकालाचा क्रम पसंत असल्याचे १९५७ मध्ये एका अमेरिकन बालवाचकाला लिहिलेल्या पत्रात ल्यूइसने कळविले होते, पण क्रमाला फारसे महत्त्व नसावे, असेही त्यातच म्हटले होते. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने १९९४ पासून मालेला कथाकालानुसार क्रमांक दिले. अनेक अभ्यासकांना प्रकाशनक्रम अधिक योग्य वाटतो. अरण्यातील दिवा आधी पाहिलेल्या वाचकालाच त्याच्या जन्माचे आश्चर्य वाटते आणि कपाटाचे रहस्य आधी कळल्यास पहिल्या पुस्तकातील विस्मय उणावतो, हा त्यांचा युक्तिवाद सबळ आहे.

मूल्यमापन : कादंबरीत काही उणिवा आहेत. पहिल्या पुस्तकात श्वेत चेटकिणीचे कूळ आदमची पहिली पत्नी लिलिथ हिच्यापर्यंत नेलेले आहे. चार्नच्या वृत्तांताशी त्याचा मेळ बसत नाही. बोलक्या प्राण्यांच्या जगाचे राज्य माणसांकडे सोपविणे आणि ख्रिस्ती धर्मविचाराचा ठळक ठसा यांवरही आक्षेप घेतले गेले आहेत. असे असले, तरी विनोदी लंडन, भयाण चार्न व प्रसन्न नार्निया हे तीन भिन्न सूर तिच्यात एकत्र नांदतात. जगाच्या आरंभाची कथा सांगताना ती त्या आरंभीच घडलेली चूक आणि चुकीची कबुली यांना मध्यभागी ठेवते. त्यामुळे मालेला जोडलेली पुरवणी एवढेच तिचे स्थान राहिलेले नाही. किशोरांसाठी लिहिलेल्या पूर्वकथांमध्ये ती आजही एक आदर्श मानली जाते.