अतिदक्षता विभागातून घरी परतल्यानंतर : तीव्र विषाणुसंसर्गाचे दीर्घकालीन शारीरिक व मानसिक परिणाम

प्रस्तावना :
रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर आला व घरी परतला की आजार संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रुग्ण वाचला की दगावला, हाच उपचारांच्या यशाचा निकष दीर्घकाळ मानला गेल्याने ही समजूत दृढ झाली. कोविड-१९ च्या महासाथीनंतर मात्र वाचलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात या त्रासाचे स्वरूप, त्याची कारणे व त्यावरील उपाय यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगमही एका विषाणूच्या साथीतच आहे. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी बसवून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास देण्याची पद्धत सुचविली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रात्रंदिवस हे काम केले आणि मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. पुढे यंत्रे आली, जगणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्याबरोबरच वाचल्यानंतरच्या व्याधींचा प्रश्नही उभा राहिला.

संकल्पना :
अमेरिकेतील सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेने २०१० मध्ये भरविलेल्या बैठकीत या व्याधींना ‘पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ हे नाव सुचविले गेले; २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मराठीत त्यास ‘अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह’ म्हणता येईल. त्याची तीन अंगे आहेत : (१) शारीरिक : स्नायूंची दुर्बलता, थकवा, धाप, (२) बौद्धिक : स्मरण, एकाग्रता व नियोजन यांतील उणीव, (३) मानसिक : चिंता, नैराश्य, आघातोत्तर ताण. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनाही मानसिक त्रास होतो, हेही या संकल्पनेत मान्य केले आहे. ‘लाँग कोविड’ ही संज्ञा यापासून वेगळी आहे. तो त्रास रुग्णालयात न गेलेल्यांनाही होऊ शकतो. गंभीर कोविडमधून वाचलेल्या रुग्णात दोन्ही एकत्र आढळू शकतात.

कारणमीमांसा :
तीव्र संसर्गात शरीरभर दाह होतो व स्नायूंतील प्रथिनांचा झपाट्याने ऱ्हास होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या स्नायूचे छेदक्षेत्र सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यात निश्चल पडून राहण्याची भर पडते. गुंगीची औषधे, खंडित झोप व रक्तातील प्राणवायूची कमतरता यांमुळे अनेक रुग्ण भ्रमावस्थेत जातात. ८२१ रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात (२०१३) ही अवस्था ७४ टक्के रुग्णांत दिसली. ती जितकी लांबली, तितकी वर्षभरानंतरची बौद्धिक क्षमता कमी आढळली. भ्रमात दिसलेली भीतिदायक दृश्ये पुढे खऱ्या आठवणींसारखी छळतात.

अभ्यासांतील निष्कर्ष :
कॅनडातील मार्गारेट हेरिज व सहकाऱ्यांनी तीव्र श्वसनविकारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची फुप्फुसे जवळजवळ पूर्ववत झाली होती; तरीही सहा मिनिटांत चालता येणारे अंतर अपेक्षेच्या सुमारे ७६ टक्केच होते. म्हणजेच मूळ आजाराचा अवयव सावरला, तरी माणूस सावरलेला नव्हता. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागातून वाचलेल्या २४६ कोविड रुग्णांपैकी वर्षभरानंतर सुमारे ७४ टक्क्यांना शारीरिक, २६ टक्क्यांना मानसिक व १६ टक्क्यांना बौद्धिक तक्रारी होत्या (२०२२).

उपाययोजना :
प्रतिबंधाचा आरंभ रुग्णशय्येवरच होतो. गुंगीची औषधे शक्य तितकी कमी ठेवणे, रुग्णाला लवकर हालचाल करावयास लावणे व आप्तांना भेटू देणे हे त्यातील मुख्य उपाय होत. २००९ मधील एका अभ्यासात व्हेंटिलेटरवर असतानाच व्यायामोपचार सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना दैनंदिन कामांत स्वावलंबी होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. काही देशांत परिचारिका व नातेवाईक रुग्णासाठी दैनंदिनी लिहितात. हरवलेल्या दिवसांचा मेळ घालण्यास ती उपयोगी पडते. घरी परतल्यावर दोन ते चार आठवड्यांत तिन्ही अंगांची तपासणी व्हावी, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे.

शिक्षणसंस्थांची भूमिका :
असा रुग्ण आपला सहकारी किंवा विद्यार्थीही असतो. वैद्यकीय दाखल्यावर ‘कामास योग्य’ असा शेरा असला, तरी सलग तासभर उभे राहून शिकविणे अथवा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एकाग्रतेने तपासणे त्यास जड जाऊ शकते. विद्यार्थ्याच्या बाबतीत वाचलेले न आठवणे हा अभ्यासातील हलगर्जीपणा नसून आजाराचा अवशेष असू शकतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या व्यक्तीच्या या अडचणी आळस वा मनाचा दुबळेपणा ठरतात आणि ती व्यक्ती त्या लपवू लागते. परिणामी उपचार लांबतात. कामाचा भार टप्प्याटप्प्याने वाढविणे, तासांमध्ये विश्रांती ठेवणे, परीक्षेत वाढीव वेळेचा विचार करणे व समुपदेशन उपलब्ध करणे यांस मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही.

समारोप :
प्रत्येक रुग्णास हा त्रास होतोच असे नाही, आणि पहिल्या वर्षात अनेकांची प्रकृती सुधारते. तथापि, सुधारणेस लागणारा काळ महिन्यांत व कधी वर्षांत मोजावा लागतो. अतिदक्षता विभाग प्राण वाचवितो. वाचलेल्या माणसाला त्याचे काम व आत्मविश्वास परत मिळवून देणे ही जबाबदारी मात्र रुग्णालयाबरोबरच कुटुंबाची आणि त्याच्या कार्यस्थळाचीही आहे.