हिरड्यांवरील निळी रेघ : शिशाची मुखातील खूण

गिरगाव-काळबादेवी परिसराने मराठी मुद्रणाची शतकाहून अधिक काळ सेवा केली. १८६९ साली स्थापन झालेला जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना हे त्याचे ठळक उदाहरण. ऑफसेट मुद्रण रूढ होईपर्यंत कंपॉझिटरच्या बोटांखाली दिवसभर फिरणारे खिळे मुख्यतः शिशाचे असत. जोडीला अँटिमनी व कथील. खिळे ओतताना निघणारा धूर श्वासावाटे, तर धूळ हातांवाटे शरीरात जाण्याचा धोका असे.

अशा दीर्घकालीन संपर्काची एक खूण मुखात उमटते. दातांलगत हिरडीच्या कडेला दिसणाऱ्या निळसर काळ्या रेघेचे वर्णन हेन्‍री बर्टन या लंडनमधील वैद्यांनी १८४० साली केले. रक्तातील शिसे हिरडीत पोहोचते, दातांवरील किटणातील जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात आणि दोहोंच्या संयोगाने लेड सल्फाइडचे कण हिरडीत साचतात. म्हणूनच स्वच्छ मुखात अथवा दात नसलेल्या ठिकाणी ही रेघ सहसा दिसत नाही. रेघ नाही म्हणजे शिसे नाही, असे मात्र समजू नये.

इतर धातूंच्या खुणा निराळ्या असतात. पाऱ्यामुळे लाळ सुटते, हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. सोनारकामातील ‘केडीएम’ हे नाव ज्या कॅडमियमवरून पडले, त्याच्या दीर्घ संपर्काने दातांच्या मुळाशी पिवळसर कडे दिसू शकते.

शिसे हाडांत अनेक दशके राहते व उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरू शकते. पोटात कळा येणे, रक्तक्षय, मनगटातील बळ कमी होणे, मूत्रपिंडाचे विकार ही त्याची इतर लक्षणे होत. निश्चित निदान रक्ततपासणीनेच होते. रक्तातील प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास संपर्काचे मूळ शोधून तो थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविले आहे.

घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा असली, तरी जुन्या चाळींच्या भिंती खरवडणारे व बॅटरी दुरुस्त करणारे कामगार आजही या धुळीत वावरतात. कपड्यांवरून ती घरातील बालकांपर्यंत पोहोचते, आणि बालकांच्या मेंदूस ती सर्वाधिक घातक असते.

यास्तव रुग्णाच्या नातेवाइकांस नम्र विनंती, की केसपेपरवर केवळ आजची तक्रार नव्हे, तर रुग्णाचा पूर्वीचा व्यवसायही अवश्य नोंदवावा. निदानाचा धागा पुष्कळदा तेथेच सापडतो.